खलनायकाचं हसणं

कुरखेडा, गुरुवार, रात्री

आज साहिल माझ्याशी बोलला! म्हणजे हो-नाई तर तो रोजच म्हणते. पण दहावीत गेल्यापासून या पोराच्या कानात सदा ते इअरफोन. हाका मारा, जेवाले बोलवा, काही नाई. मले वाटे, बापाची लाज वाटते त्याले. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात बाप खलनायक बनते, मिशा लावून ओरडते. या वयात कोणत्या पोराले आवडन?

आजही मी अंगणात तालीम करून राह्यलो होतो. तो खाटेवर, कानात इअरफोन. सरपंचाले दम देण्याच्या जागी मी अडकलो. पुन्हा मागून सुरू केलं, तरी पुढचं वाक्य येईना. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "'ही जमीन माझी आहे, आणि उद्या हे गावही माझं असेल!' आणि इथी हसाचं आहे, बाबा." मग स्वतःच हसून दाखवलं, असं भयंकर की कोंबड्या पळाल्या. त्याची आई चूल सोडून बाहेर आली.

म्हटलं, "कानात ते असून तुले ऐकू कसं आलं रे?"

"ते बंद असते. तुमची तालीम सुरू झाली का मी गाणे बंद करतो."

"मंग सांगाचं नाई का?"

"तुम्ही विचारलंच नाई जी."

मग अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं हसतच होतो, खलनायकासारखे. त्याचं हसणं माझ्यापेक्षा चांगलं आहे, मानावंच लागन.

वाक्य आता पक्कं पाठ आहे. तरी उद्याच्या तालमीत मी तिथीच विसरणार, मुद्दाम.