राजूर घाटातला पडदा

बुलडाणा, १४ मे

दादा,

दोन दिवस तुला काहीच कळवलं नाही, माफ कर. फोनवर माझा आवाज ऐकून तू लगेच निघशील, म्हणून लिहिते आहे. आई बरी आहे. काल सलाइन निघालं, आज तिने स्वतःहून भाकरी मागितली.

परवा राजूर घाट चढताना मोटरहोमच्या, म्हणजे आपल्या पलंगवाल्या गाडीच्या, इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. इंजिनावरचा भार कमी व्हावा म्हणून मी मागचा एसी बंद केला. आई मागे पलंगावर होती, आणि इंजिनाची धग तिला लागू नये म्हणून मध्ये मीच जाड पडदा लावला होता. "बरी आहेस ना?" विचारलं, तर म्हणाली, "हाव वं, तू गाडी पाह्य."

मी काट्याकडेच पाहत राहिले. तो खाली आला तेव्हा मला चक्क हसू आलं. आई केव्हापासून गप्प होती, ते मला आजही सांगता येत नाही.

घाट संपल्यावर गाडी थांबवून पडदा सारला तर आईचं अंग तापलेलं, कोरडं. मला ओळखेना. शेजारच्या शेतातून गीताबाई नावाची बाई धावत आली. "पाहून काय राह्यल्या, बाई? बुढीले पह्यले झाडाखाली आना! गाडी हाय का भट्टी?" तिनेच पदर भिजवून आईला पुसलं, मग आम्ही तिला इथल्या दवाखान्यात आणलं.

आईचं उत्तर सोयीचं होतं म्हणूनच मी ते मानलं का, दादा? आता ती झोपली की मी तिच्या छातीकडे पाहत बसते.

आई अजूनही साखरखेर्ड्याला मावशीकडे जायचंच म्हणते. वहिनीला सगळं सांगू नकोस. तुझं बीपी कसं आहे?

तुझी शैलजा

उद्या: मधला पडदा काढून टाकणे.