पुठ्ठ्याचा हात

हिराताई,

तुमच्या भावाने चैतालीला रोह्याला नेलं, तेव्हा ती चार वर्षांची होती. आदल्याच दिवशी मी तिचा हात पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिल फिरवली होती आणि तो हात कापून घेतला होता. दर वाढदिवसाला तो कार्डावर ठेवते, टूथब्रशने भोवती रंग उडवते. पुठ्ठा उचलला की मधे कोरा हात उरतो. अशी सात कार्डं पाठवली. तिला देता का, हे विचारायचं मी सोडून दिलं.

पुठ्ठा आता रंग पिऊन फुगलाय. तिचा आत्ताचा हात कागदावर काढून पाठवा, एवढंच मागायला बसले होते.

पण सोमवारी पेणच्या स्टँडवर माझी कार्डशीटची सुरळी खाली पडली. एका मुलीने उचलून दिली. मी वर न बघताच घेतली. मागून तुमची हाक आली, "चैताली गो, चल, रोह्याची गाडी लागली."

तिने मला ओळखलं नाय, त्यात तिची काय चूक? मी आई, मीपण नाय ओळखलं. म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाय.

सुरळी घेताना तिची बोटं माझ्या हाताला लागली होती. केवढी होती, ते मला आठवत नाय.

यमुना