सही राहिलेला दाखला

मु. निंबोडी, पो. बेंबळी
९ जानेवारी १९८६

ती. दादांस,
ज्ञानोबाचा सविनय जयभीम. वि. वि.

गाडीला माझा नंबर लागला. सोसायटीचे चेअरमन माणिकप्पा काल धाराशिवला गेले होते. त्यांनी दुकानात स्वतः यादी बघितली आणि येताना घरी थांबून सांगितलं. महिनाभरात राजदूत मोटारसायकल मिळेल. बुलेट बघून जीव खालीवर झाला होता, पण आपले रस्ते तुम्हाला ठाऊक आहेत. चाकोरीतून जायचं आणि मागं दुधाच्या नमुन्यांची पेटी बांधायची. नाक्यावरचा मेस्त्री म्हणाला, जी गाडी आपल्याला उघडून परत जोडता येईल तीच घ्यावी.

दूध संघ बारा गावांसाठी एक पर्यवेक्षक नेमणार आहे. यंदा पाऊस नाही, जनावरं छावणीत, दूध निम्म्यावर आलंय. म्हणून गावोगाव रोज माणूस फिरला पाहिजे असं संघाचं म्हणणं. माझं नाव पहिलं आहे. अट एकच, ३१ मार्चच्या आत पक्कं लायसन. नाहीतर जागा वीरप्पाला जाणार. त्याच्याकडं लायसन आधीपासून आहे.

शिकाऊ लायसन निघालं. पक्क्यासाठी मात्र जन्मतारखेचा शाळेचा दाखला लागतो. तुमच्याकडं राहून तुमच्याच शाळेत सातवी केली, तेव्हा तो तुमच्याकडूनच यायचा. लायसनचे साहेब दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी कॅम्पला येतात. फेब्रुवारीचा गुरुवार गाठायचा आहे.

आई विचारते, गाडीला चारा-पाणी लागत नाही ना. वहिनींना जयभीम.

माया आहेच, ती दाखल्यासकट पोहोचावी.
आपला,
ज्ञानोबा

मु. मळेवाडी, पो. येरमाळा
१८ जानेवारी १९८६

चि. ज्ञानोबास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पावले. वाचून आनंद झाला, असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तू विचारले नाहीस, तरी मोठा म्हणून मत देतो. घ्यायचीच तर बुलेट घ्यावी. राजदूतवर बसलेला माणूस लांबून दूधवाला दिसतो आणि जवळ आला तरी दूधवालाच दिसतो. बुलेटसाठी थांबावे लागेल, तर थांबावे. आपल्या घरात पहिले मनगटी घड्याळ माझ्या हातावर आले, पहिला रेडिओ माझ्या खोलीत वाजला. दोन्हींसाठी मी वर्षानुवर्षे थांबलो. तुमच्या पिढीला मात्र सकाळी मनात आलेले संध्याकाळी दारात हवे असते.

आणखी एक. चौथीत असताना तुला उजवा हात ओळखण्यासाठी त्यावर शाईचा ठिपका द्यावा लागे. साहेबापुढे वळण्याच्या खुणा कशा करणार आहेस? पुन्हा ठिपका लावून घे.

दाखल्याचे म्हणशील, तर जुनी रजिस्टरे मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत. ते रजेवर गेले, किल्ली त्यांच्याबरोबर गेली. पाहतो. आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा. तेवढे काम गाडीवाचूनही होते.

आशीर्वाद पूर्वीइतकेच आहेत.
तुझा,
गुलाब

निंबोडी
१५ फेब्रुवारी १९८६

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

गाडी आली. लाल घेतली. कॅम्प मात्र हुकला. परवा गुरुवारी दोन तास रांगेत उभा राहिलो. दाखला नाही म्हणताच कारकुनानं कागद परत दिले. वीरप्पा तिथं सहज म्हणून आला होता. चहा पाजला आणि म्हणाला, कशाला जिवाला घोर लावून घेता, बारा गावं मीच बघतो की. चहा गोड होता, पण अर्धा टाकून उठलो.

तलाव पार आटलाय. त्याच्या तळात राखेनं मोठा आठ काढलाय, त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवतो. परीक्षेत साहेब तेच बघतात. आई बांधावर काठी घेऊन बसते आणि पाय टेकला की ओरडते. माणिकप्पांनी विचारलं, कोण शिकवतं? मी म्हणालो, आमच्या घरात शिकवायचं काम दादांकडं, ओरडायचं आईकडं.

आता १३ मार्चचा एकच कॅम्प उरला. त्यानंतरचा एप्रिलात, म्हणजे माझ्या उपयोगाचा नाही. मुख्याध्यापक आले असतील तर बघावं. त्यांचं गाव सांगितलंत तर किल्ली आणायला मी स्वतः जाईन.

तुमच्या पत्राकडं डोळे लावून,
ज्ञानोबा

मळेवाडी
२३ फेब्रुवारी १९८६

ज्ञानोबा भावजींस,
केशरबाईचा जयभीम.

अक्षर वाकडं हाय, समजून घ्या. रात्रशाळेत जेवढं शिकले तेवढ्यावर लिवते.

तुमचं पत्र दिव्यापाशी पडलं व्हतं, म्या वाचलं. भावजी, कुठल्या मुख्याध्यापकाची किल्ली आणाय निघालाव? दिवाळीपासनं मुख्याध्यापकाचा चार्ज ह्यांच्याकडंच हाय. किल्ली ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात असती, धुणं धुताना रोज म्याच काढून ठेवते. तुमचा दाखलाबी लिवून तयार हाय. ह्यांच्या डायरीत घडी घालून ठेवलाय. शिक्का हाय, सही तेवढी न्हाय. सही असती तर म्या कवाच पोस्टात टाकला असता.

आणि हसू नका, पर ऐका. तेरखेड्याचे फटाकेवाले शंकरप्पा आपली फटफटी शाळेच्या आवारात ठिवून एस.टी.नं गावाला जातात. तर हे दर ऐतवारी ती गाडी घेऊन मैदानात फिरत्यात. मागल्या ऐतवारी झेंड्याच्या ओट्यावर गेले. गुडघा फुटला. मला सांगितलं, विहिरीच्या पायरीवर घसरलो. म्या म्हणलं, विहिरीत घागर बुडंना, पायरी कोरडी ठणठणीत, तिच्यावर घसरलाव कसं? तवापासनं तोंड फिरवून बसलेत.

खोटं कशाला बोलू, मलाबी जळतं. तुमची कस्तुरा मागं बसून माहेरला जाणार आणि म्या एस.टी.त लोंबकळत. पर जळत जळत मी लुगडं धुते, भाकरी थापते, कुणाचा कागद दाबून ठिवत न्हाय. तुमच्या पोटाचा घास हाय त्यो.

ह्यांना काई कळवू नका. उद्या ताट वाढताना भाकरीच्या जागी म्या त्यो दाखलाच ठिवणार हाय.

तुमची,
वहिनी

मळेवाडी
२ मार्च १९८६

चि. ज्ञानोबास,
आशीर्वाद व जयभीम.

सोबत दाखला जोडला आहे. सही आज केली. तारीखही आजचीच घातली. मागची घालून लपवता आले असते, पण मुलांना खोटे लिहू नका म्हणणाऱ्याने तेवढे तरी पाळावे. किल्लीचे मी जे लिहिले ते खोटे होते.

गेले दोन महिने मी तुझ्यावर जळत होतो. मोटारसायकलवर जळलो असतो तर तुझ्या वहिनीने हसून सोडले असते. कारण दुसरेच आहे, आणि ते तुझ्या जन्मापूर्वीचे आहे. मी पहिली सायकल घेतली तेव्हा गावात येताना चावडीपुढे उतरावे लागे. आपल्या वस्तीतल्या माणसाने चावडीवरून बसून जायचे नाही, असा दंडक होता. मी आठवड्याला जायचो-यायचो, आणि दर वेळी उतरून सायकल हाताने ढकलत न्यायचो. एकदा घंटी चुकून वाजली, तर चार जणांनी मला पुन्हा वेशीपर्यंत मागे पाठवले आणि घंटीवर हात धरून यायला लावले. आई माझ्या मागून चालत होती.

तुझे पहिले पत्र वाचले आणि तू चावडीवरून बसून जाताना दिसलास. कुणी अडवणार नाही, काळ बदलला आहे. तो बदलावा म्हणून मी भाषणे दिली आहेत. पण बदल माझ्या वाट्याला न येता थेट तुझ्या वाट्याला आला, हे मला सोसवेना. मी शिकवले, मी शाळेत घातले, आणि बसून जाणार तू. इतका हलका विचार मी केला.

ते जळणे अजून पुरते गेलेले नाही. गुडघा बरा आहे. १३ तारखेच्या गुरुवारी रजा टाकून कॅम्पला येतो. तू नको म्हणालास तरी येईन.

ज्याला थोरला म्हणावे की न म्हणावे,
असा तुझा,
गुलाब

निंबोडी
८ मार्च १९८६

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि.

दाखला पोहोचला. माणिकप्पांनी कागद तपासले, काही राहिलं नाही म्हणाले.

पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं घंटीचं ऐकलं आणि उठून चूल फुंकायला गेली. चूल पेटलेलीच होती. मग म्हणाली, गाडी कुणाच्याबी नावावर असू दे, म्या बसंन तर गुलाबच्या मागं. दादा, आता माझंही ऐका. राखेच्या आठावर महिनाभर तिच्या शिव्या खाल्ल्या मी, आणि मान तुम्हाला. घरात काही चांगलं आलं की ती आधी तुमचं नाव घेते, हे मी लहानपणापासून सोसत आलोय. तेव्हा जळणारे तुम्ही एकटे आहात असं समजू नका.

खरं सांगायचं तर दाखला येईना तेव्हा तुमच्याबद्दल वाईट बोललो. कस्तुरासमोर बोललो. तेवढं पोटात घाला.

तुमचा शिकाऊ लायसनचा अर्ज मी भरून ठेवलाय. गुरुवारी त्यावर सही करा, आणि या खेपेला लगेच करा. एप्रिलचा कॅम्प तुमचा. आईला तोवर थांबावं लागेल.

गुरुवारी दहाला साहेब येतील. पंचवीस जणांची यादी आहे, माझा क्रमांक नववा. पाय टेकला नाही तर बाराच्या आत मोकळा होईन आणि शुक्रवारी संघात लायसन दाखवीन. पाय टेकला तर वीरप्पा चहा पाजायला असेलच. मोकळा झालो तर आपण दोघं गाडीवरूनच गावात यायचं. लायसन हातात पडून वेशीत शिरायला चार वाजतील. त्या वेळी चावडीपुढं सावली असते आणि सगळे बसलेले असतात. तिथून गाडी अगदी हळू घेणार आहे. मागं कोण बसलंय ते प्रत्येकाला नीट दिसलं पाहिजे.

गुरुवारी भेटीस्तोवर,
तुमचा,
ज्ञानोबा