छंद: वाचन, विणकाम, पाककला

बाबा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी गेल्या महिन्यात फ्रेंचची तोंडी परीक्षा दिली. मलकापूरच्या दवाखान्यात ड्यूटी करून दीड वर्ष मोबाइलवर क्लास केला, कारण कॅनडात जिथे फ्रेंच बोलतात तिथल्या एका वृद्धाश्रमाला नर्स पाहिजे आहेत. नवरा गेल्यापासून इथे मला धरून ठेवणारं कोणी उरलं नाही.

क्लासमध्ये मॅडमनी एकदा आपापल्या आवडीनिवडींवर पाच वाक्यं सांगायला लावली. कोणी क्रिकेट म्हणालं, एकीने आपल्या मांजरांचं कौतुक केलं. माझ्या तोंडून निघालं वाचन, विणकाम, पाककला. भाषा फ्रेंच, पण क्रमसुद्धा तुमचाच. मॅडमनी विचारलं, सध्या काय विणताय? मी सांगितलं, बाळाचा स्वेटर. कोणाचं बाळ ते त्यांनी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

धामणगाव बढ्यात तुमच्यासारखं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. दिवसभर शाळेत कारकुनी आणि संध्याकाळी ओसरीवर गावातल्या लग्नाच्या पोरींचे बायोडाटा. उंची बदलायची, मामाचं गाव बदलायचं, छंदाची ओळ मात्र तीच. सुई कोणत्या टोकाने धरतात हे माहीत नसलेल्या कितीतरी पोरी तुमच्या अक्षरात विणकाम करत सासरी गेल्या. मग माझी पाळी आली. मी वीस वर्षांची, दोनदा जिल्ह्याकडून खेळलेली. तुमच्या शेजारी बसून मी म्हणते, बाबा, कबड्डी लिहा ना. तुमचा पेन थांबतसुद्धा नाही.

"मांड्या ठोकनारी सून कोनाले पायजे वं? लोकं हासतीन मले."

एवढंच बोललात. माझा कप आणि ढाल आईने त्याच दिवशी माळ्यावर टाकली. मी पुन्हा मैदानात उतरले नाही, आणि नवऱ्याला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं की त्याची बायको एका दमात तिघींना बाद करून यायची.

कबड्डीला फ्रेंचमध्येही कबड्डीच म्हणतात, मी शोधून पाहिलं. परीक्षेसाठी सगळी वाक्यं बसवली. मला कबड्डी आवडते, मी चढाई करायचे, माझा दम कधी तुटायचा नाही. आरशासमोर रोज म्हणून पाहायचे. मुंबईला परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्हाला काय करायला आवडतं? आणि मी घडाघडा वाचन, विणकाम, पाककला म्हणून मोकळी झाले. काल निकाल लागला. पास झाले, मार्कही चांगले आहेत. मला तुमचा फार राग आला, बाबा. रात्रपाळीला जायचं सोडून हे लिहायला बसले, पाठवायचं कुठे हे ठाऊक नसताना.

पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. मला पाहायला आले त्या दिवशी मुलाची मोठी बहीण माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. तुम्ही ओसरीवर पाहुण्यांत बसला होता, तुमच्यापर्यंत आवाज गेला नसता. तिने दार लोटलं आणि हळूच म्हणाली, "कागदावरचं राहू दे. तुले खरं काय आवडते, थे सांग मले."

तोवर मला हे कोणीच विचारलं नव्हतं. मी चहा गाळत होते. वर न बघता मी म्हणाले, विणकाम.