पालवी, मुलाचं नाव

प्रिय पिटुकले,

तुला बाळ झालं तरी मी तुला याच नावाने हाक मारणार, हे आधीच सांगून ठेवतो. तुझ्या मुलासमोरसुद्धा. तुझी आई शेजारच्या खोलीत बॅग भरते आहे आणि मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटते आहे. दुपट्यांची घडी चौथ्यांदा बदलून झाली. उद्या सकाळच्या गाडीने ती निघेल आणि दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेल. हे पत्र तिच्या पर्समध्ये असेल, ते आधी मागून घे, नाहीतर बाळाला पाहिल्यावर ती सगळं विसरेल. माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. तो समोरच्या स्टुलावर ठेवून, मांडीवर पाट घेऊन लिहितोय. शिडीवरून पडायचं वय आहे का हे, असं ती दिवसातून तीनदा विचारते. मी म्हणतो, पडायला कुठलंही वय चालतं.

रविवारी फोनवर तू मला साधी गोष्ट विचारलीस. बाळाचं नाव पालवी ठेवायचं मनात आहे, पण मुलाला ते शोभेल का, की मुलीचंच वाटेल? तुझ्या सासूबाई म्हणतात मुलीचं, जावईबापू म्हणतात काय हरकत आहे, म्हणून बाबाला विचारू. आणि बाबाने काय केलं? ‘मुलाला असलं नाव ठेवायचं नाही, पोराला जन्माचा ताप होईल’ असं तोडून टाकलं आणि फोन तुझ्या आईच्या हातात दिला. काल जावईबापूंचा फोन आला. म्हणाले, दुसरं नाव ठरवलंय, शुक्रवारी जन्मदाखल्याचा फॉर्म भरायचा आहे. चांगलं आहे ते नाव, त्याला नावं ठेवायला जागा नाही. पण फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. आज बुधवार. फॉर्म भरायच्या आत तुला एक गोष्ट कळायला हवी, आणि फोनवर ती माझ्याच्याने बोलवणार नाही.

तुला वाटतं, हे नाव तू आजीच्या आठवणीने शोधलंस. लहानपणी ती तुला कडेवर घेऊन रोपांच्या नर्सरीत फिरवायची, कोवळी पानं दाखवून ‘बघ, पालवी फुटली’ म्हणायची, ते तुझ्या कानात राहिलं. ते खरंच आहे. पण पिटुकले, ते नाव आमच्या घरात आधी एकाला ठेवलेलं होतं. मला. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत मी पालवी होतो. तुझ्या आईला हे ठाऊक आहे. लग्नाआधी मी तिला एकदा सांगितलं आणि पुन्हा विषय काढू नकोस म्हणालो, आणि एवढी एकच गोष्ट तिने माझी निमूटपणे ऐकली आहे.

त्याचं असं झालं. मी दिवस भरायच्या आधी जन्मलो, मूठभर. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि पेटीवर नुसता आकडा. सगळे माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला म्हणाले, काहीतरी नाव ठेव, निदान हाक मारता येईल. तिने ठेवलं नाही. ती तेव्हाही त्याच नर्सरीत कलमं बांधायची. त्यांच्याकडे एक शिस्त होती. कलम बांधलं की त्याला नावाची पट्टी लगेच लावायची नाही. जोड धरतो की नाही कोण जाणे, वाळून गेलं तर पट्टी वाया जाते, आणि बांधणारीच्या जिवाला लागतं ते वेगळंच. नवी पानं दिसली की मगच पट्टी. तसं तिने माझं केलं. बेचाळीस दिवस मी बिननावाचा. त्रेचाळिसाव्या दिवशी पोटभर दूध प्यायलो, वर आणखी हवं म्हणून रडलो, आणि तिने नर्सला सांगितलं, लिहा, पालवी. मुलगा की मुलगी हा विचार तिच्या डोक्यातच आला नाही. पेटीतलं पोर जगलं, एवढंच तिला लिहून ठेवायचं होतं.

हे तिने मला अगणित वेळा सांगितलं आणि लहानपणी मला ते आवडायचंही. शाळेत गेलो आणि आवडेनासं झालं. नवे मास्तर हजेरी घेताना ते नाव आलं की मुलींच्या बाकांकडे बघायचे. मी ‘हजर’ म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. खेळांच्या स्पर्धेत तर याद्या कारकुनाने नावांवरून केल्या आणि मला मुलींच्या दोरीउड्यांत घातलं. मास्तर म्हणाले, आता यादी बदलत नाही, मार उड्या. मी मारल्या, आणि माझं दुर्दैव असं की तिसरा आलो. बक्षीस म्हणून केसांच्या लाल रिबिनी मिळाल्या. रडत घरी आलो तर आईने रिबिनी ताणून पाहिल्या, म्हणाली, ‘चांगल्या मजबूत आहेत रे,’ आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कलमं बांधली. तिला माझं रडणं कळलंच नाही असं मी कितीतरी वर्षं मनात धरून बसलो होतो. आता वाटतं, तिला कळलं असेल, पण त्यावर काय करायचं ते तिला सुचलं नसेल. मलाही तुझ्या कितीतरी रडण्यांवर सुचलं नाही.

अठरा पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वकिलाकडे जाऊन नाव बदललं. आत्ता तू ज्या नावाने मला ओळखतेस ते, चांगलं दणदणीत, कोणी हसणार नाही असं. आईला सांगितलं नाही. धीर झाला नाही म्हण. वडील मी चौथीत असतानाच गेले होते, घरात आम्ही दोघंच, त्यामुळे फुटणार कोणाकडून? म्हटलं नोकरी लागली की सांगू. वर्कशॉपमध्ये अर्ज केला तो नव्या नावाने.

महिन्याभराने संध्याकाळी जेवताना आई हळहळत होती. म्हणाली, ‘आज पोस्टमन कुणाचंतरी पत्र घेऊन आला होता. पत्ता आपला, आडनाव आपलं, पण नाव दुसरंच. नोकरीचं असावं, कारखान्याचा शिक्का होता. मी त्याच्याबरोबर तीन गल्ल्या हिंडले, घराघरांत विचारलं, कुणालाच असा मुलगा माहीत नाही. शेवटी परत पाठवलं. वाट बघत असेल रे बिचारा.’ पिटुकले, मी तेव्हा तिच्या पाया पडायला हवं होतं. मी ताट ढकललं आणि ओरडलो, तो बिचारा मीच आहे. झाडपाल्याचं नाव पोराला ठेवतात का, आणि तेही बायकी? तुझ्यामुळे जगाने मला हसून घेतलं. असं आणि आणखीही बरंच, जे मी लिहिणार नाही.

तिने विचारलं, ‘मग आता काय नाव आहे तुझं?’ मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं, नीट ऐकून घेतलं. सकाळी कामावर खाडा करून ती पोस्टात जाऊन बसली. परत पाठवायची थैली अजून निघाली नव्हती. तिने पोस्टमास्तरांना काय सांगितलं कोण जाणे, पण दुपारी पत्र घेऊन आली आणि माझ्यापुढे धरलं. ‘घे, तुझं आहे.’ त्या पत्रावर मी चाळीस वर्षं लेथ चालवला, घर बांधलं, तुला शिकवलं. आणि गंमत ऐक, वर्कशॉपमध्ये त्या दणदणीत नावाने मला एकाही माणसाने कधी हाक मारली नाही. पहिल्याच दिवशी माझं नाव लंबू पडलं आणि निवृत्तीच्या हारापर्यंत लंबूच राहिलं.

आईनेही मारली नाही. नवं नाव तिच्या तोंडात बसलं नाही. भांडी घासताना ते हलक्या आवाजात घोकताना मी तिला एकदा ऐकलं होतं, पण माझ्यासमोर ते कधी आलं नाही. आणि जुनं मी बायकी म्हणालो होतो, म्हणून तेही तिने परत उच्चारलं नाही. ‘अरे’, ‘ऐकलंस का’, तू झाल्यावर ‘बाबाला बोलाव’. तू लहानपणी विचारायचीस ना, आजी तुला नावाने हाक का नाही मारत? मी म्हणायचो, जुन्या वळणाची आहे ती. मी खोटं बोलायचो. छत्तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो आणि माझ्या आईकडे मला हाक मारायला नाव नव्हतं. मी एकदा जरी म्हणालो असतो की मार गं त्याच नावाने, तर तिला किती बरं वाटलं असतं. रोज म्हणता आलं असतं.

आता जे तुझ्या आईलाही माहीत नाही ते सांगतो. आजी शेवटची दवाखान्यात होती तेव्हा मी दुपारी भेटायच्या वेळी बाहेर बाकावर बसलो होतो. बरीच माणसं होती, वर्कशॉपमधले दोघे मला सोबत म्हणून आलेले. वॉर्डातून नर्स बाहेर आली आणि म्हणाली, ‘पालवी कोण आहे? आजी केव्हापासून बोलावताहेत.’ सगळ्यांनी बायकांकडे पाहिलं. नर्सनेही. माझ्या शेजारचा म्हणाला, नातीला बोलवत असेल कोणीतरी. आणि मी, चौपन्न वर्षांचा माणूस, उठलो नाही. नर्स आत गेली. पाच-दहा मिनिटांनी, ते दोघे चहाला गेल्यावर मी आत गेलो. आईने ‘आलास का रे’ एवढंच विचारलं आणि माझा हात धरला. त्यानंतर दोन दिवस ती होती, पण ती हाक तिने पुन्हा मारली नाही. मला जी ऐकायची होती ती मी भिंतीपलीकडून, नर्सच्या तोंडून ऐकली आणि गप्प बसलो. रविवारी तू फोनवर ते नाव घेतलंस तेव्हा सहा वर्षांनी ते कानावर पडलं, आणि मी पुन्हा तेच केलं.

म्हणून हे पत्र. शुक्रवारी फॉर्मवर तुम्हा दोघांना हवं ते लिहा, मूल तुमचं आहे. पण माझ्या ‘नाही’मुळे ते नाव खोडू नकोस. मुलाला शोभतं का, असं विचारलंस ना. शोभतं. मला शोभत होतं. कोणी हसलं तर त्याला सांग, याचा आजा बेचाळीस दिवसांची झुंज जिंकून हेच नाव घेऊन घरी आला. आणि हेच नाव ठेवलंस, तर प्लास्टर निघाल्यावर मी तुझ्याकडे येईन तेव्हा एवढं सांभाळून घे. तू आतून बाळाला हाक मारशील आणि बाहेरच्या खोलीतून मीच ओ देईन. हसू आलं तर हस, मला चालेल.

तुझाच,
बाबा