मिनलला आणायला

धरोटी, रोहडूच्या वर
१४ जुलै २०२४

ती. बाबांस,
धनश्रीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचले. शिमल्याहून रोहडूपर्यंत बस, पुढं जीप आणि शेवटचा चढ पायी. तो चढताना दोनदा बसले. माझ्यामागून एक म्हातारी पाठीवर गवताचा भारा घेऊन आली आणि मला ओलांडून गेली.

इथं मोबाइलला टॉवर शाळेमागच्या टेकाडावरच मिळतो. मिळाला तरी पावरलूमनं तुमचे कान नेलेले, फोनवरचं तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आईला दिला तर ती रडते. म्हणून पत्र लिहीत आहे. पोस्टमन एक दिवसाआड वर येतो.

गाव उतारावर विखुरलेलं आहे. घरांच्या मधली सगळी जागा सफरचंदांची. काटोलला मधुकररावकाकांच्या बागेत संत्र्याची झाडं सपाटीवर ओळीनं उभी असतात; इथं खालच्या झाडाचा शेंडा वरच्या झाडाच्या बुंध्याशी लागतो. गारांपासून वाचवायला बागांवर पांढऱ्या जाळ्या टाकल्या आहेत. लांबून पाहिलं तर डोंगरावर कोणी मच्छरदाणी बांधली असं वाटतं.

मिनल उंच झाली आहे. आठ वर्षांची आहे पण दहाची दिसते. मला मावशी म्हणाली, जवळ मात्र आली नाही. आमच्यात मराठीतच बोलणं झालं. रोशनीताई तिच्याशी दुसऱ्या भाषेत बोलतच नव्हती म्हणे, त्यामुळं पोरगी थेट आईसारखी, ‘मले’ आणि ‘तुले’ करत बोलते. ताईला जाऊन सहा महिने झाले, आणि तिचा आवाज या घरात असा फिरतो आहे. पहिल्या दिवशी मला त्याची सवय झाली नाही.

जिजाजी फार कमी बोलतात. माझी बॅग उचलून आत ठेवली, चहा केला आणि बागेत निघून गेले. मिनलला घेऊन जायचा विषय अजून काढलेला नाही. तुम्ही सांगितलं तसं पंधरा दिवसांत तिला घेऊन निघते. कळमेश्वरच्या फॅक्टरीत सुट्टी तेवढीच मिळाली आहे. लॅबमध्ये माझ्या जागी काजल दोन पाळ्या करत असेल आणि मला शिव्या देत असेल.

आईचा गुडघा कसा आहे ते लिहा. माया आहेच, ती पत्रातूनही कळू द्या.

तुमची,
धनश्री


बेसा, नागपूर
२५ जुलै २०२४

चि. धनश्री हीस,
वामनरावांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. इथं दमट उकाडा आहे. सोसायटीत पाण्याची टाकी फुटली, त्यात तीन दिवस गेले. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

मागची खोली मी रंगवून घेतली. मिनलसाठी पलंग आणला. जवळच्या शाळेत मुख्याध्यापिकेला भेटलो. वर्ष सुरू झालं असलं तरी त्या प्रवेश द्यायला तयार आहेत, मात्र ऑगस्ट संपायच्या आत मुलगी हजर पाहिजे. तेव्हा तू तिथं निसर्ग पाहत बसू नकोस.

तुला मऊ पडायची सवय आहे म्हणून स्पष्ट लिहितो. जानेवारीत त्या माणसानं तुझ्या आईला फोनवर मोजून एक वाक्य सांगितलं, की न्यूमोनिया झाला, बर्फ होता, रोशनीला दवाखान्यात पोचवता आलं नाही. त्या गावात बर्फ पडतो हे त्याला त्या दिवशी कळलं का? न्यूमोनियानं आज माणसं मरत नाहीत. माझी मुलगी स्वतः नर्स होती. बरं, त्यानंतर तेरवीला तरी यावं. आला नाही, मुलीलाही पाठवलं नाही. आम्ही दोघं त्या दिवशी दाराकडं पाहत होतो. हे मी विसरलेलो नाही. त्या डोंगरानं एक नेली, दुसरी मी तिथं ठेवणार नाही.

आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो. ‘त्या पोरीले घेऊन ये वं. मले दुसरं काही नाही पाहिजे. तिले पाह्यल्याबिगर माह्या घशाखाली घास उतरून नाही राहिला.’

उत्तर लगेच टाक. तुम्हा दोघींची वाट पाहणारा,

वामनराव


धरोटी
७ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पंधरा दिवस होऊन गेले आणि मी इथंच आहे. पहिलं कारण, जीपचा रस्ता दरड पडून तुटला. पोस्टमन खालून पायी येतो. दुसरं कारण पुढं लिहिते.

सफरचंदं उतरवायला सुरुवात झाली आहे. अख्खं गाव झाडांवर आहे. फळ ओढायचं नाही, देठासकट वर उचलून वळवायचं. माझी पहिली टोपली जिजाजींनी बाजूला ठेवून घरी खायला नेली, म्हणजे ती बाजारात पाठवण्यालायक नव्हती हे मी समजले. रस्ता तुटल्यामुळं पेट्या माणसांच्या पाठीवरून दरडीपलीकडं न्याव्या लागतात, तिथून ट्रक. मी घरात बसून पेट्यांमध्ये फळं लावते. मिनल माझ्या शेजारी बसते आणि माझ्या चुका काढते. आता बरीच जवळ आली आहे. तिचे केस मी विंचरते.

जिजाजींशी बोलले. तुम्ही सांगितलेलं सगळं सांगितलं, खोली, शाळा, आईचं जेवण. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, मिनलला विचारा, ती हो म्हणाली तर मी स्वतः बॅग भरून देतो. आणि उठून पेट्या बांधायला गेले. त्यांनी भांडावं अशी माझी अपेक्षा होती. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

मिनलला विचारलं. तिनं हातातलं फळ पुसून पेटीत नीट लावलं आणि म्हणाली, “मी आली तर पप्पा बोलन कोनाशी? ते माह्याशीच बोलते.”

बाबा, ते खरं आहे. संध्याकाळी दोघं चुलीपाशी बसतात तेव्हा पाहिलं. ते तिच्याशी बोलतात. हळू, पण बोलतात. ती खालच्या शाळेतलं सगळं सांगते. मी गेले की गप्प होतात.

फॅक्टरीत रजा वाढवून मागितली आहे, बिनपगारी. तुम्ही रागावणार हे धरूनच लिहिलं आहे. राग पत्रानं कळवा, पण खुशालीही त्यातच लिहा.

धनश्री


बेसा
१७ ऑगस्ट २०२४

चि. धनश्री हीस आशीर्वाद.

आठ वर्षांच्या मुलीला असले प्रश्न विचारायचे नसतात. तिचं बरं कशात आहे ते मोठ्यांनी ठरवायचं. शाळेनं मला ऑगस्टअखेर सांगितली आहे, त्यापुढं जागा ठेवणार नाहीत.

आईचा निरोप आहे. मला तो लिहायचा नव्हता, पण ती शेजारी बसून आहे आणि मी काय लिहितो ते वाचते आहे. ‘इथं बाया बोलून राहिल्या का लहानीचं बी लग्न व्हायचंच हाय. त्याच घरात झालं तं पोरीले माय भेटते आन् नात आपल्यापासून तुटत नाही. मी काही जबरदस्ती करून नाही राहिली. तू फकत विचार करून पाह्य.’

मी यावर काही म्हणत नाही. मला तो माणूस जावई म्हणून एकदाच पुरला.

प्रकृतीस जप.

वामनराव


धरोटी
३० ऑगस्ट २०२४

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
धनश्रीचा नमस्कार, वि. वि.

आईचं आधी. आई, तू म्हणालीस तसा विचार केला. फार वेळ लागला नाही. नाही. मिनलला आई होती, ती गेली. मी तिची मावशी आहे आणि ती मी बेसात राहूनही राहीन. जिजाजींच्या कानावर ही गोष्ट गेली तर ते घर सोडून बागेत मुक्काम करतील, तेव्हा शेजारच्या बायांना सांग, मुलीनं आभार मानले आहेत.

आता बाबांचं. हे तुम्ही बसून वाचा.

गेल्या रविवारी पाऊस उघडला म्हणून सगळे अंगणात होते. जिजाजी नळाखाली पाय धूत होते. ते नेहमी मोजे घालून असतात, थंडीमुळं असेल असं मी धरून चालले होते. त्यांच्या डाव्या पायाला बोटं नाहीत. पाचही नाहीत. मला पाहिलं आणि त्यांनी पाय टॉवेलखाली घेतला.

त्यांना काही विचारलं नाही. शेजारच्या पुष्पलताला विचारलं. ती ताईची मैत्रीण. तिच्या दोन्ही बाळंतपणांत ताईनंच सगळं केलं होतं. तिनं सांगितलं ते लिहिते.

त्या आठवड्यात बर्फ थांबलाच नव्हता. ताईला ताप चढला आणि श्वास लागला तेव्हा गाडी येणं शक्य नव्हतं. जिजाजींनी खुर्चीला दोन बांबू बांधले आणि ताईला रजईत गुंडाळून त्यावर बसवलं. गावातल्या घराघरातून पुरुष आले, कारण ताईचं इंजेक्शन न घेतलेलं घर इथं नाही. बर्फ कमरेपर्यंत होता. आलटून पालटून खांदा बदलत होते. जिजाजींनी पुढचा बांबू कोणालाही दिला नाही. उतारावर त्यांचा एक बूट बर्फात रुतून राहिला, तो काढायला ते थांबले नाहीत. तसेच चालले. मोठा रस्ता दिसायला लागला तेव्हा पुष्पलताच्या नवऱ्यानं ताईकडं पाहिलं आणि सगळ्यांना खुर्ची खाली ठेवायला सांगितली.

पाय बर्फानं गेला होता. रोहडूच्या दवाखान्यात बोटं काढली. तेरवीच्या दिवशी ते तिथल्या खाटेवर होते आणि मिनल पुष्पलताच्या घरी होती.

मग मी त्यांना विचारलं, की तुम्ही हे नागपूरला का कळवलं नाही. त्यांनी मोजा वर ओढला. मग म्हणाले, “उनकी बेटी गयी थी. मैं अपने पैर की क्या बात करता.”

एवढंच आहे. मी यात माझं काही घातलेलं नाही. याच पायानं ते रोज पेट्या घेऊन दरड ओलांडतात.

रस्ता येत्या आठवड्यात जोडला जाईल असं म्हणतात. आता तुम्ही सांगाल तसं करीन. तुम्ही अजूनही मिनलला आण म्हणालात तर आणीन, पण तिला जीपमध्ये बसवायला तुम्ही यायला पाहिजे. माझ्यानं होणार नाही. इथल्या शाळांना थंडीत मोठी सुट्टी असते, जानेवारी आणि थोडा फेब्रुवारी, हे माहिती म्हणून लिहिते.

काही कठोर लिहिलं असेल तर पोटात घाला.

तुमची,
धनश्री


बेसा, नागपूर
१० सप्टेंबर २०२४

चि. देवराजराव यांस,
वामनराव आणि सखूबाई यांचे आशीर्वाद, वि. वि.

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. हिंदी मला बोलता येते, लिहिताना हात अडतो, म्हणून मराठीत लिहीत आहे. अक्षरं तीच आहेत. मिनल वाचून दाखवील आणि जिथं अडेल तिथं धनश्री सांगेल.

धनश्रीचं पत्र मी सखूबाईला वाचून दाखवत होतो. अर्ध्यावर मला पुढं वाचता आलं नाही. उरलेलं तिनं वाचलं. त्या दिवशी आमच्याकडं चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती नीट जेवली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा.

रोशनी एकटी पडून गेली असं आम्ही समजत होतो. ती तुमच्या खांद्यावर होती आणि मागं सगळं गाव होतं, हे आम्हाला आता कळलं. ज्यांनी ज्यांनी खांदा दिला त्यांना आमचा नमस्कार पोचवा. मिनलला घरोघर पाठवा, म्हणावं नागपूरच्या आजोबांनी सांगितलं आहे.

मिनल तुमच्याजवळ राहील. इथल्या शाळेत मी जाऊन सांगून आलो. धनश्रीला रस्ता उघडेल तसं एकटीला पाठवून द्यावं, तिची नोकरी जाईल.

थंडीत तिकडं शाळा बंद असते असं समजलं. ते दिवस तुम्ही दोघांनी इथं काढावेत. मिनलला एकटीला पाठवू नका, तुम्हीही या. बागेचं काम तेव्हा नसतं असं धनश्री सांगते, त्यामुळं ती सबब चालणार नाही. नागपुरात जानेवारीत ऊन चांगलं असतं. खाली सोसायटीच्या अंगणात खुर्ची टाकून बसता येतं, कोणी बोलायला पाहिजे असा नियम नाही. मलाही कमीच ऐकू येतं, तेव्हा आपलं जमेल.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण ती गेले चार महिने बंद होती आणि आम्ही जिन्यानंच जात होतो. परवा मी सोसायटीच्या सेक्रेटरीकडं दिवसभर बसून राहिलो. काल माणूस येऊन दुरुस्त करून गेला. मी स्वतः वर-खाली जाऊन पाहिलं. चालते.

पाय कोरडा ठेवावा. येण्याची तारीख कळवावी, स्टेशनवर मी येतो.

रोशनीचे बाबा,
वामनराव