कंपाउंडरच्या हातची गोळी

ता. ४ मार्च

चि. ठकूस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? मेहुण्यांचा गुडघा अजून रुसलेलाच का? सूनबाईचा खोकला, नातीचे दात, सगळं सविस्तर कळव. माझं जुनं गाडं ढकललं की चालतं.

तुझी वहिनी मात्र हातातून निसटत चालली आहे गं. तिचा विसर आता माझ्यापर्यंत येऊन ठेपला. नवरा म्हणून मला ओळखत नाही. पण दुपारी टीव्हीवर माझी ती जुनी दवाखान्याची मालिका पुन्हा लावतात ना, त्यातल्या कंपाउंडरला बरोबर ओळखते! जन्मभर नायकाच्या मागे बाटल्या हलवत उभा राहिलो. लोक नायकाला विसरले आणि कंपाउंडर लक्षात ठेवून बसले. आता घरातही तीच गत.

माझ्या हातची गोळी ती थुंकायची. शेवटी एका सकाळी पांढरा कोट चढवला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि मालिकेतल्यासारखं म्हणालो, की बाईसाहेब, कडू आहे पण खोटं नाही. मुकाट्याने घेतली! तेव्हापासून मी घरात कंपाउंडरच. गोळ्या चुकल्या तर झटके येतील, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.

आता मेख अशी, की पुढच्या आठवड्यात कंपाउंडर मरतो. ते तिने पाहिलं तर? माझी मती गुंग झाली आहे, तुझी चालव.

तुझा,
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

कंबर आहे तिथेच आहे, ह्यांचा गुडघा कामाच्या वेळीच दुखतो, बाकी पोरंबाळं ठीक.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग पदर डोळ्यांना लावला. त्या भागाला तेव्हाही रडले होते. सख्खा भाऊ डोळ्यांदेखत मेला आणि लगेच पडद्यावर नटांची नावं सरकायला लागली!

त्या दिवशी टीव्हीची वायरच काढून ठेव, बिघडला म्हण. पाहिलंच नाही तर मेला कुठे? आणि कोट धुवायला टाकू नकोस, वाळला नाही तर पंचाईत. माझ्या वहिनीला जप. काय झालं ते कळव, तोवर घास गोड लागायचा नाही.

तुझी,
ठकू

ता. १९ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच केलं. वायर उशीखाली दडवली. तिने दोनदा टीव्ही मागितला, मग विसरली. म्हटलं, जिंकलो.

संध्याकाळी शेजारीण वाटी परत द्यायला आली. मनाने लोणी, पण जिभेला लगाम नाही. दारातूनच हसत म्हणाली, की आज गेलात की हो तुम्ही, आम्ही घरभर रडलो! अशी थट्टा मी आयुष्यभर ऐकली आहे. सवयीने वाकून आभार मानले. मागे खुर्चीत तुझी वहिनी. तिने विचारलं, कोण गेलं? शेजारीण सहज बोलून गेली, कंपाउंडर.

सगळं विसरणारी बाई एवढंच धरून बसली, ठकू. कोट घालून गेलो तर किंचाळली, की मेल्या माणसाचे कपडे घालून हा कोण आलाय. कोट काढला, म्हटलं, अगं मी तुझा नवरा. तिने नीट न्याहाळलं. म्हणाली, तो कुठला घरी, तो सदा शूटिंगला. त्याला कळवा, कंपाउंडर गेले. फार चांगले होते, रोज यायचे.

परवा पहिला झटका आला. गोळी अन्नात चुरून दिली, तर आता ताटही हुंगून बाजूला सारते. शेजारीण रोज रडत येते, तिच्याही हातचं घेत नाही. दवाखान्यात ठेवून नळीने औषध द्यायचं ठरलं आहे. मी होकार दिला. दुसरं काय हातात होतं?

सोमवारी गाडी येईल. अनोळखी माणूस जवळ आला की ती थरथर कापते. तिच्या शेजारी मी कोण म्हणून बसू, एवढं मला लवकर लिहून कळव.

तुझा,
दादा